मुक्त संगणकावर विकतचे वर्ड चालेल काय?

(नभोवाणीवरील भाषण)

आमच्या धाराशिव शहरात माझ्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सारी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून मीही गुरुजीच म्हणतो. वाचनालयाच्या सभांचे इतिवृत्त, पेन्शनरांचे अर्ज, नात्यागोत्यातील लग्नपत्रिकांचे मजकूर, अशी लिहिण्याची कामे त्यांच्याकडे चालत येतात. आणि ती सारी ते दहा वर्षांच्या एका जुन्या संगणकावर करतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. ज्यांना हवी असेल त्यांना एक वर्षाची जादा मुदत मिळण्याची सोय होती. परंतु पुढची विंडोज ११ ही प्रणाली गुरुजींच्या यंत्रावर चढण्यासारखी नव्हती, कारण तिला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षेची योजना लागते. दुकानदार म्हणाला, ‘‘गुरुजी, हा आता भंगारात घाला.’’ पुण्यास शिकणारा नातू म्हणाला, ‘‘आजोबा, भंगारात कशाला? मी यावर लिनक्स घालून देतो. एक पैसा पडणार नाही.’’ आणि त्याने एका दुपारी ते काम केलेही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी माझ्याकडे आले. म्हणाले, ‘‘संगणक तरुण झाला हे खरे. पण माझे वर्ड कोठे गेले? माझे एक्सेल कोठे गेले? पंधरा वर्षांचे माझे लिखाण त्यांच्या पोटात आहे. घर मोकळे मिळाले, पण त्यात माझी पेटी उघडत नसेल तर त्या घराचे मी काय करू?’’

हा प्रश्न एकट्या गुरुजींचा नाही. सांप्रत पुष्कळ घरांत आणि लहानमोठ्या संस्थांत तो उभा आहे. म्हणून मुक्त प्रणालीवर विकतची कार्यालयीन साधने चालविता येतात काय, येत असल्यास कोणत्या मार्गाने, आणि मुळात ती चालविण्याची गरज किती, या तीन गोष्टींचा आज विचार करू.

प्रथम ‘मुक्त’ या शब्दाविषयी थोडेसे. आपण फुकट आणि मुक्त यांची गल्लत करतो. पंगतीतले जेवण फुकट असते. पण यजमानीणबाईंनी आमटीची कृती सांगितली, ती आपल्या घरी हवी तशी बदलून करण्याची आणि शेजारणीला सांगण्याची मोकळीक दिली, म्हणजे ती आमटी मुक्त झाली. संगणकाच्या जगात हा विचार अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू या प्रकल्पाची घोषणा करून मांडला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या तरुणाने प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. या दोहोंच्या मिलाफातून आज उबुंटू, मिंट, डेबियन अशा अनेक नावांनी मिळणाऱ्या प्रणाली उभ्या राहिल्या. आपल्याकडे प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, भारतीय भाषांचा विचार करून बॉस नावाची अशीच प्रणाली २००७ साली बाहेर काढली. या सर्वांची कृती खुली आहे. वर्ड आणि एक्सेल यांची कृती मात्र कंपनीच्या कुलपात आहे. आपण पैसे भरून घेतो ती केवळ वापरण्याची परवानगी होय.

तरीही आपली सवय त्या कुलपातल्या साधनांशीच जडली. त्याचे कारण उघड आहे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने गावोगावच्या मुलामुलींना, शिक्षकांना आणि कारकुनांना संगणकासमोर बसविले. हा उपकार लहान नव्हे. परंतु बहुतेकांनी तेथे जो संगणक पाहिला तो विंडोजचा, आणि लिहिण्याचे जे साधन पाहिले ते वर्ड. म्हणून आपल्या बोलण्यात ‘वर्डमध्ये करून आण’ याचा अर्थच ‘टंकलिखित करून आण’ असा होऊन बसला.

आता मूळ अडचण कोठे आहे ते पाहू. संगणकाची कार्यप्रणाली म्हणजे वाड्याचा कारभारी. वर्डसारखा कार्यक्रम स्वतः कोठीत जात नाही, दिवा लावीत नाही, दार उघडीत नाही. ‘अमुक फाइल काढून द्या’, ‘पडद्यावर एवढी चौकट आखा’, ‘हे पान छपाईयंत्राकडे धाडा’, अशा मागण्या तो कारभाऱ्याकडे करतो. वर्ड ज्या भाषेत या मागण्या करते ती विंडोजच्या कारभाऱ्याची भाषा होय. लिनक्सचा कारभारी तितकाच तत्पर आहे, पण त्याची भाषा निराळी. म्हणून विकतची तबकडी घालून दोनदा बटण दाबले तरी काहीच घडत नाही. तबकडी बिघडलेली नसते, यंत्रही बिघडलेले नसते. एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नाही, एवढेच.

आपल्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्या मंडळींना ही स्थिती नवी वाटू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती. मराठी शेतकऱ्याची तक्रार खरी असली तरी ती दरबारी भाषेत उतरवून देणारा कोणी जाणता गाठल्यावाचून पुढे सरकत नसे. तसाच एक जाणता संगणकाच्या जगातही आहे. त्याचे नाव वाइन.

वाइनचे काम १९९३ साली सुरू झाले आणि १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड हे त्याचे सूत्रधार आहेत. पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली ती जून २००८ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षे ही मंडळी एक परकी भाषा, तिचा कोश हाती नसताना, ऐकून ऐकून शिकत होती. ‘वाइन म्हणजे अनुकारक नव्हे’ असे त्या नावाचे विस्तृत रूप त्यांनी थट्टेने ठेवले आहे, आणि त्या थट्टेत मर्म आहे. अनुकारक सबंध यंत्राचे सोंग आणतो. वाइन तसे करीत नाही. वर्डमधील बेरीज-वजाबाकीच्या आज्ञा प्रोसेसर थेट पाळतो. कारभाऱ्याकडे करावयाच्या मागण्या तेवढ्या वाइन अडवून घेते, लिनक्सच्या भाषेत सांगते आणि आलेले उत्तर वर्डला समजेल अशा रूपात परत देते. वर्डला आपली नेहमीची ‘सी’ ड्राइव्ह दिसते. वस्तुतः ती आपल्या घरातील एक साधी फोल्डर असते. मध्ये दुसरे यंत्र नसल्यामुळे वेग फारसा कमी होत नाही, आणि विंडोजचा परवानाही लागत नाही. वर्डचा परवाना मात्र लागतोच. मुक्त प्रणालीवर चोरीची प्रत चालविली तर ती चोरीच राहते, हे आपल्या गावात मुद्दाम सांगावेसे वाटते.

पण दुभाष्या कितीही हुशार असला तरी त्याला प्रत्येक शब्द येतोच असे नाही. अनुभव असा की, वर्ड-एक्सेलच्या जुन्या आवृत्त्या वाइनवर पुष्कळ बऱ्या चालतात. नव्या, वर्गणी भरून घ्यावयाच्या आवृत्त्या परवान्याची खातरजमा वरचेवर कंपनीकडे करीत असल्यामुळे तेथेच अडून बसतात. अॅक्सेस आणि आउटलुक ही भावंडे वर्डपेक्षा हट्टी. शिवाय विंडोजसाठी लिहिलेला विषाणूही याच दुभाष्याच्या मदतीने घरात बोलू लागतो आणि आपल्या फायलींपर्यंत पोचू शकतो, हे विसरू नये. ज्यांना ही खटपट स्वतः करावयाची नसेल त्यांच्यासाठी कोडवीव्हर्स नावाची अमेरिकन कंपनी वाइनवरच आधारलेले क्रॉसओव्हर हे साधन २००२ पासून विकत देते, आणि तिने केलेल्या सुधारणा मूळ वाइनलाही लाभतात.

म्हणून परीक्षा केल्यावाचून विश्वास ठेवू नये. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता त्यांनी हाती थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले, आणि कोणते मडके पक्के, कोणते कच्चे हे सांगितले; त्यात प्रत्यक्ष नामदेवही कच्चे ठरले! आपणही तेच करावे. वर्ड उघडले म्हणजे ते चालले असे नव्हे. त्यात एक मराठी परिच्छेद टंकून पाहावा, जोडाक्षरे नीट जुळतात का पाहावे, फाइल साठवून पुन्हा उघडावी, एक पान छापून पाहावे, आणि हिशेबाच्या तक्त्यात मॅक्रो असल्यास तो चालवून बेरीज हाताने पडताळावी. एवढे ठोके सहन केले तर मडके पक्के.

दुसरा मार्ग म्हणजे वाड्यातच एक निराळी खोली बांधून तीत विंडोजच्या कारभाऱ्याला बिऱ्हाडाला ठेवणे. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनाने लिनक्सच्या पोटात एक आभासी संगणक उभा राहतो आणि त्यात सबंध विंडोज चालते. येथे दुभाष्याचे प्रश्न उरत नाहीत. वर्डला खराखुरा घरचा कारभारी भेटतो. परंतु दोन कारभाऱ्यांचा शिधा एकाच कोठीतून निघावयाचा. चार जीबी स्मृती असलेल्या यंत्राला तो झेपत नाही. आठ जीबीवर काम भागते. शिवाय विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो.

तिसरा मार्ग आपण परक्याच्या ओसरीवर जाऊन लिहिण्याचा. इंटरनेटवरील वर्ड आणि एक्सेल लिनक्सच्या फायरफॉक्समधूनही उघडतात, खाते काढल्यावर साधे काम विनामूल्य होते. पण जोडणी तुटली की लेखणी थांबते. तक्त्यांतील जुने मॅक्रो तेथे चालत नाहीत. आणि कागद आपल्या कपाटात न राहता दुसऱ्याच्या कोठारात जातो. निरोपाच्या पत्राला हे चालेल. संस्थेच्या दप्तराला चालेल की नाही, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडतो.

तीनही मार्ग सांगून झाले, आणि आता मला गुरुजींना जे विचारावे लागले ते तुम्हांलाही विचारतो. तुम्हांला नेमके काय हवे आहे, वर्ड हवे आहे की वर्डमध्ये लिहिलेला कागद हवा आहे? या दोन गोष्टी एक नव्हेत. दौत कोणाचीही असो, पत्र आपले असते.

कागद हवा असेल तर मुक्त प्रणालीपाशी स्वतःची लेखणी आहे. जर्मनीत मार्को ब्योरिस यांनी १९८५ साली काढलेल्या स्टार डिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ साली विकत घेतले आणि २००० साली त्याची कृती खुली केली. त्यातून ओपनऑफिस झाले, आणि २०१० साली त्याची शाखा फुटून लिबरऑफिस झाले. तेच आज बहुतेक लिनक्स प्रणालींबरोबर आपोआप येते. ते वर्डच्या नव्या-जुन्या फायली उघडते, दुरुस्त करते आणि त्याच रूपात परतही देते. साधे पत्र, अर्ज, इतिवृत्त, जमाखर्चाचा तक्ता यांत भेद क्वचितच जाणवतो. भेद जाणवतो तो गुंतागुंतीच्या मांडणीत. ओळ एका शब्दाने सरकते, दोन पानांचे पत्र तिसऱ्या पानावर उतरते. याचे कारण पुष्कळदा फॉन्ट हेच असते. मंगल, कॅलिब्री हे फॉन्ट विंडोजबरोबर येतात, लिनक्सबरोबर नाही. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो हा मुक्त फॉन्ट मिळतो. मराठीसाठी लोहित, नोटो, आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हे फॉन्ट घालता येतात. मात्र मापे वेगळी असल्यामुळे पानांची मांडणी एकदा डोळ्यांखालून घालावी लागते.

कागदाच्या रूपाविषयीही जगात मोठा वाद झाला. ओपन डॉक्युमेंट हे खुले रूप २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरले. मायक्रोसॉफ्टने आपले नवे रूप मानकासाठी पुढे आणले तेव्हा २००७ च्या मतदानात भारताने विरोधी मत दिले आणि २००८ मध्येही ते बदलले नाही. ते रूप पुढे मानक झालेच. तथापि त्याची रचना आज प्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच इतरांची साधने ते वाचू शकतात. भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण नोव्हेंबर २०१० मध्ये जाहीर केले, त्यामागे हाच विचार होता.

येथवर आलो असता गुरुजींनी एक फाइल उघडून दाखविली, आणि मी बोलता बोलता थांबलो. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा आणि कंसांचा नुसता पाऊस पडला होता. ‘‘हे आमच्या वाचनालयाचे २००४ सालचे इतिवृत्त,’’ ते खिन्नपणे म्हणाले.

श्रोतेहो, मराठी माणसाच्या बाबतीत खरे कुलूप वर्डचे नसून हे आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी लेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत होत असे. त्या फाइलीत ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठविलेले नसे. तेथे एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे, आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. मुखवटा काढला की आतले परके तोंड दिसते. प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे. वस्तुतः अक्षरे साठविण्याचे आयएससीआयआय हे भारतीय मानक १९९१ सालीच ठरले होते, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघून तीत देवनागरीला जागा मिळाली होती, आणि इनस्क्रिप्ट हा कळफलक तर १९८६ पासून प्रमाणित होता. पण विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय २००० च्या आवृत्तीपासून आली, आणि सवय बदलण्यास त्याहून अधिक काळ लागला. त्या मधल्या वर्षांतील आपले कितीतरी मराठी लेखन मुखवट्यांत अडकून पडले आहे.

अशा फाइलीला दुभाष्याचा उपयोग नाही आणि नव्या लेखणीचाही नाही. मूळ फॉन्ट हाती असेल, आणि त्याच्या परवान्यात बसत असेल, तर तो लिनक्सवर घालून फाइल वाचता येते. परंतु खरा उपाय म्हणजे परिवर्तक वापरून मजकूर एकदाचा युनिकोडमध्ये आणणे. हे काम यंत्र करते, पण पडताळणी माणसानेच करावी. रफार आणि अर्धा र यांत यंत्र फसते. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना मजुरी दिली’ या दोन वाक्यांत गुरूंच्या जागी स्वयंपाकी जाऊन बसला तर इतिवृत्ताची काय शोभा राहील?

हे कष्ट का घ्यावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या दप्तरात आहे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामात मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे पुन्हा उघडली गेली. कुणबी नोंदी शोधावयाच्या होत्या, आणि त्या मोडी आणि उर्दू लिखाणांत होत्या. वाचणारे थोडे उरले होते, हे खरे. परंतु ती लिपी शिकण्यास कोणाची परवानगी लागली नाही, आणि पाऊणशे वर्षांपूर्वीच्या शाईने कोणाकडे वर्गणी मागितली नाही. त्याच २०२३ साली उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. ज्यांचे नमुने आणि नामफलकांचे मजकूर युनिकोडमध्ये होते त्यांना नवे नाव शोधून घालणे सोपे. मुखवट्याच्या फाइलीत मात्र जुने नाव सरळ शोधूनही सापडत नाही. जुन्या दस्तांतील नाव अर्थातच तसेच ठेवावे. तो इतिहास आहे. आणखी पाऊणशे वर्षांनी कोणी आपला कागद शोधू लागेल तेव्हा त्याला लिपी शिकावी लागली तर हरकत नाही. पण ती शिकता येईल अशी तरी असावी.

शेवटी गुरुजींनी काय केले ते सांगतो. आम्ही त्यांच्या फायलींचे तीन ढीग केले. पहिला ढीग पत्रांचा, अर्जांचा आणि साध्या तक्त्यांचा. तो सर्वांत मोठा निघाला, आणि लिबरऑफिसमध्ये विनातक्रार उघडला. दुसऱ्या ढिगात एकच तक्ता होता. वाचनालयाच्या वर्गणीचा, मॅक्रोंनी भरलेला. तो लिबरऑफिसमध्ये अडखळला. गुरुजींपाशी पूर्वी पैसे देऊन घेतलेली ऑफिसची जुनी तबकडी होती. ती वाइनवर चढविली, थापटण्याचे ठोके दिले, आणि तक्ता चालला. जुन्या आवृत्तीची देखभाल कंपनीने कधीच थांबविली असल्यामुळे तीत बाहेरून आलेली फाइल उघडावयाची नाही, असा नियम त्यांनी संगणकावर चिठ्ठी चिकटवून केला आहे. तिसरा ढीग मुखवट्यांचा. त्याला मात्र घाईने हात लावला नाही. मूळ प्रती निराळ्या जपून ठेवून ते रोज दोन पाने युनिकोडमध्ये आणतात आणि चष्मा लावून पडताळतात.

तेव्हा मुक्त संगणकावर विकतचे वर्ड चालेल काय, याचे उत्तर ‘पुष्कळदा चालेल, नेहमी नाही’ असे आहे. ज्या एका-दोन कामांवाचून खरोखर अडते त्यांच्यासाठी दुभाष्याला अवश्य बोलवावे आणि त्याची परीक्षा घ्यावी. पण सारे घर त्याच्या भरवशावर टाकू नये. आज रात्री आपल्या संगणकातील सर्वांत जुनी मराठी फाइल उघडून पाहा. ती वाचता आली तर उत्तम. आली नाही, तर ज्याने ती लिहिली तो माणूस घरात असतानाच ते काम हाती घ्या.